मोरीच्या जाळीतला भुसा

सोमवार

चि. ठमाबाईस,

आजीचे अ. उ. आ. इकडे सगळे खुशाल, माझा गुडघा सोडून.

सगळ्यांच्या आधी उगवला तो तुझ्या गाडीचा एसीवाला. मिस्त्री सकाळी येणार होता आणि हा दुपारी, तर झालं उलटंच. मी अजून केसही विंचरले नव्हते आणि हा फाटकाशी उभा, हातात नळ्या आणि घड्याळासारखी यंत्रं. मी त्याचं नाव थंडोबा ठेवलंय. एक स्क्रू काढतो, त्याच्याकडे बघतो, खिशात ठेवतो, मग दुसऱ्याचा विचार करतो. पण माणूस गरीब आहे, चहाला नाही म्हणत नाही.

तू गाडी माझ्या मागच्या अंगणात लावून बसने वर डोंगरात अळंब्यांच्या शेडवर गेलीस तेव्हा एवढंच म्हणालीस, की चढावर पुढची चाकं ओढत नाहीत आणि एसीतून जरा वास येतो. जरा? अगं, थंडोबाने समोरचा खण काढून पंख्याची पेटी उघडली आणि मी पदर नाकाला लावून थेट कोथिंबिरीच्या वाफ्यापर्यंत मागे सरकले. आत उंदरांनी संसार थाटलेला. सीटचा स्पंज, कागदाचे कपटे, लेंड्या, आणि मधोमध घरधनी स्वतः, वाळून पुठ्ठ्यासारखा चपटा. थंडोबाने त्याला शेपटीला धरून मला दाखवला, जसा काही माझाच कोणी लागतो. मला मळमळायला लागलं. मग पुन्हा जवळ जाऊन नीट बघून आले, कारण असं काही रोज बघायला मिळत नाही.

एवढ्यावर भागलं नाही. एसीचं पाणी बाहेर जायची नळी तुंबलेली, म्हणून पायाखालच्या गालिच्यात हिरवं पाणी साठलेलं. आणि या सगळ्यावर आरशाला टांगलेली गुलाबाच्या अत्तराची बाटली! शी! नुसती घाण परवडली, पण घाणीवर गुलाब म्हणजे ओकारीच.

मग आला मिस्त्री. आल्या आल्या गाडीखाली शिरला, त्यामुळे त्याच्याशी जे काही बोलायचं ते बुटांशी. बुटांनी मला सांगितलं की गिअरबॉक्सला चिकटून एक धाकटा डबा असतो, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणं हे त्याचं काम. म्हणजे पंगतीतला वाढपी, असं मी म्हटलं. बूट म्हणाले, हो, आणि हा वाढपी मागच्यांनाच वाढत बसलाय.

डबा खाली उतरवला. आतून जे तेल निघालं त्याला तेल म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काळं, गोळे झालेलं, केस जळल्याच्या वासाचं. मिस्त्रीने सगळे भाग काढून जुन्या चादरीवर ओळीने मांडले, चिखलात लोळून आलेल्या म्हशींसारखे, आणि जेवायला गेला.

आता तूच सांग, माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत, ती बरबट मी बघत बसू? मोठ्या टबात कढत पाणी घेतलं, कपड्याची पावडर टाकली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक भाग घासला. चाकं, साखळी, बेअरिंग म्हणतात त्या गोळ्यांच्या बांगड्या, कागदाइतक्या पातळ चकत्या, सगळं लखलखीत! उन्हात वाळवलं, गंजू नये म्हणून डोक्याचं तेल चोळलं आणि मांडणीवर भांडी लावावी तसं मोठ्यापासून धाकट्यापर्यंत लावून ठेवलं. मोरी मात्र तुंबली. जाळीत भुशासारखं काहीतरी अडकलं होतं, मूठभर तरी असेल. गाड्याही गाईसारख्या भुसा खायला लागल्या की काय?

मिस्त्री परत आला आणि खालीच बसला. कोणी केलं विचारलं. मी म्हटलं, मी, आणखी कोण? त्याने डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, ती ओळ म्हणजे त्याची खूण होती, कोणती चकती कोणत्या बाजूची ते आता एकेक लावून बघावं लागेल. मी म्हटलं, मग आधी सांगायचं होतंत. तर म्हणतो, आजवर हे कोणाला सांगायची वेळ आली नव्हती. रागावलाय, पण चहा दोनदा प्यायला.

पत्र बसच्या कंडक्टरकडे देते. फोन करू नकोस, मला नुसती शिट्टी ऐकू येते. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस, आणि वेळेवर जेव.

तुझी,
आजी


बुधवार

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना आधी डोक्याला हात लावला आणि मग इतकी हसले की शेडचे मालक काय झालं म्हणून बघायला आले. डोक्याचं तेल, आजी? त्या गिअरला आता वेणीही घालायची होतीस!

मालक पूर्वी ट्रक चालवायचे, म्हणून त्यांना पत्र वाचून दाखवलं. उंदराला हसले, मिस्त्रीच्या टोपीला हसले, पण भुशापाशी आल्यावर हसायचे थांबले. म्हणाले, डब्यातले दाते झिजले की गाडी रडते, आणि विकणाऱ्याला ते रडणं लपवायचं असलं की तेलात भुसा कोंबतात. महिना-दोन महिने आवाज दबतो. मग भुसा तेलाच्या वाटा बंद करतो आणि आतलं होतं नव्हतं ते जळतं.

तो भुसा टाकला नसशील तर मिस्त्रींना दाखव. पण आजी, मामाला काही बोलू नकोस. त्याने दोन जुन्या गाड्या एकदमच घेतल्या, सारख्याच, एक स्वतःला ठेवली आणि एक मला दिली. त्यालाही कोणीतरी फसवलंच असणार. गाडी देताना तो किती खूश होता, तू होतीस ना. किल्लीला लाल फीत बांधली होती त्याने.

इकडची काळजी वेगळीच आहे. अळंब्या धरल्यात. पिशव्यांवर पांढरी बटणं दिसायला लागली आहेत, रोज सकाळी टॉर्च घेऊन त्यांना बघते. इस्पितळाच्या स्वयंपाकघराशी बोलणं झालंय, पहिला माल येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी द्यायचा. थंड पोचला तरच घेणार, नाहीतर दुसरा माणूस तयारच आहे. आणि शेडपासून खाली येणारा रस्ता म्हणजे नुसता चिखल, पुढची चाकं ओढली नाहीत तर गाडी वळणावरच बसते. एसी नसेल तर अळंब्या खाली पोचेपर्यंत लिबलिबीत होतात, बोटाला चिकटतात. हे सगळं त्या एका गाडीवर आहे, म्हणून मिस्त्रींना रागावू देऊ नकोस. त्यांना हवा तितका चहा पाज, पण त्यांच्या कुठल्याही वस्तूला साबण लावू नकोस.

गुडघ्याला शेक घे. तुझा लोभ आहे तसाच असू दे.

तुझी,
ठमी


शुक्रवार

चि. ठमाबाईस,

अ. उ. आ. तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग मोरीशी गेले.

भुसा टाकला नव्हता. मी काही टाकत नाही हे तुझ्या आईला विचार, तिचं त्यावरून डोकं फिरतं. मोरीतून काढून डब्याच्या झाकणात ठेवला होता. आणखी एकदा गरम पाण्यातून काढला, कागदावर पसरून वाळवला आणि मिस्त्रीला दाखवला. त्याने चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि तोंड असं केलं जसं काही त्याला ती खायला लावलीय. म्हणाला, याला कारागिरी म्हणत नाहीत, याला नीचपणा म्हणतात. मग माझ्याकडे बघून चिमूट कागदावर परत ठेवली, कारण त्याला ठाऊक आहे की गाडी कोणाकडून आली.

मी पण वास घेतला. तेलाखाली, साबणाखाली, एक वास होताच. लालसर बारीक भुसा, पॉलिशचा वास. ठमे, तुझ्या मामाच्या कारखान्यात दारं-खिडक्या होतात. त्याचं लग्न होईपर्यंत त्याचे शर्ट मी झटकले. तो भुसा माझ्या नखांत बसायचा, उशीवर यायचा, ताटात यायचा. मला तो डोळे बांधून दिला तरी ओळखता येईल.

उंदीर बघून मळमळलं होतं, ते लिंबू चोखल्यावर गेलं. हे जात नाही.

तू म्हणालीस बोलू नकोस, म्हणून बोलले नाही. वाळलेल्या भुशाची पुडी बांधली, वर काही लिहिलं नाही, आत काही लिहिलं नाही, आणि कारखान्यात पाठवून दिली. त्याच्या मनात काही नसेल तर तो विचारायला येईल, की आई, हे काय पाठवलंस?

डब्याचं म्हणशील तर चकत्या मिस्त्रीने लावून बघितल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. मी लांब खुर्चीवर हात मांडीखाली घालून बसले होते, विचार त्याला. पण स्वच्छ झाल्यामुळे आता सगळंच दिसतंय. दाते कडांना खाल्लेत, साखळी सैल झालीय, एक बांगडी जळून निळी पडलीय. हा डबा आता उभा राहायचा नाही म्हणाला. नवा मागवला तर तुझ्या अळंब्या सुकून जातील तेव्हा येणार.

थंडोबाचं मात्र कौतुक. जाळी धुतली, नळी मोकळी केली, गॅस गळत होता तो पाइप बदलला. म्हणतो, गाडी विकायच्या आधी कोणीतरी नुसता गॅस भरून घेतला असणार, चार दिवस गार राहावी म्हणून. पेटीच्या तोंडाला त्याने बारीक जाळी बसवलीय, आता उंदराने घर दुसरीकडे बघावं. चालू करून दाखवला तेव्हा मी आत बसले, शेंगा निवडायला घेतल्या आणि उतरलेच नाही. थंडोबाला वाटलं माझं काहीतरी बरंवाईट झालं. काच खाली करून सांगितलं, की बाबा, अजून अर्धी टोपली बाकी आहे.

जीव लावून आहेस तशीच राहा. आईला यातलं काही कळवू नकोस, ती रडेल आणि तेही फोनवर.

तुझी,
आजी


रविवार

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. तुझा गुडघा कसा आहे? मी रोज यायचं म्हणतो, पण कारखान्यात मान वर करायला वेळ नाही, म्हणून सुताराच्या हाती चिठ्ठी पाठवतोय.

पुडी मिळाली. आई, तू लगेच मनाला लावून घेतेस. वापरलेल्या गाड्यांत हे सगळेच करतात, त्यात लपवाछपवीसारखं काही नाही. दोन्ही गाड्या घेतल्या तेव्हा एक जरा आवाज करत होती. मूठ-दोन मुठी भुशाने कोणाचं काय बिघडतं? सपाट रस्त्यावर तिला काहीही झालं नसतं. ठमी ती चिखलात, डोंगरावर घालेल हे मला काय ठाऊक?

आणि खरं सांगू, मला वाटलं होतं ही अळंब्यांची हौस दोन महिन्यांत फिटेल. पोरीचं दोनदा नुकसान झालं की ती शहाणी होऊन खाली येईल, मग गाडी मीच परत घेतली असती. तिच्या भल्याचाच विचार होता माझा. तिला यातलं काही सांगू नकोस, उगाच तिच्या मनात माझ्याविषयी काहीतरी येईल. तिचा माझ्यावर फार जीव आहे.

आशीर्वाद असावा. अत्तराची बाटली मी स्वतः निवडून आणली होती, हेही लक्षात घे.

तुझा,
धाकटा


मंगळवार

चि. ठमाबाईस,

अ. उ. आ.

सोबत तुझ्या मामाची चिठ्ठी जोडली आहे. तुला सांगू नको असं त्यात लिहिलंय, म्हणून सांगत नाही, नुसती पाठवतेय. वाचून झाल्यावर हात धुऊन घे. मी दोनदा धुतले.

आपण घरात त्याला लहानपणापासून गोड्या म्हणतो. कोणी पडलं की पहिला हा धावणार, फुंकर घालणार. मला किती अभिमान होता त्या फुंकरीचा! आता वाटतं, फुंकर घालायच्या आधी ढकललं कोणी, ते मी कधी बघितलंच नाही. भुसा कोंबला ते एक. पण तू पडशील म्हणून वाट बघत बसला, आणि वर त्याला तुझं भलं म्हणतो, याची मला जी शिसारी आली ती त्या चपट्या उंदराचीही आली नव्हती. उंदीर बिचारा निदान मेला होता.

काल सकाळी मिस्त्रीला बरोबर घेऊन कारखान्यात गेले. मिस्त्री नको नको म्हणत होता, घरच्या भानगडीत तो पडत नाही. मी म्हटलं, तुम्ही पडू नका, तुम्ही गाडीखाली आडवे व्हा. मामाची गाडी दारातच उभी होती. मिस्त्री खाली गेला, बॅटरी मारली, डब्याचं बूच सैल करून तेल बोटावर घेतलं, आणि बुटांनी सांगितलं की डबा अगदी तोच, तशाचा तसा बसेल, आणि आत भुसा-बिसा काही नाही.

तुझा मामा बाहेर आला तो हसतच. मला खुर्ची, मिस्त्रीला सरबत. मी बसले नाही. मी सांगितलं, की तुझा डबा ठमीच्या गाडीत जाणार आणि तिचा जळका डबा तुझ्याकडे राहणार. नवा येईल तेव्हा येईल, तोवर दारं हातगाडीवरून पोचव. हसू गेलं. म्हणाला, आई, कारखाना कसा चालवू? मी म्हटलं, तिच्या अळंब्यांचा विचार करताना तुला हा प्रश्न पडला नव्हता. मग म्हणाला, लोक काय म्हणतील. तिथे कारागीर रंधा थांबवून उभेच होते, लोक आणखी कुठून आणायचे?

शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. मी ओळखते ते पाणी, पण या खेपेला थोडं खरंही असावं, कारण नाक पुसायला त्याला रुमाल सापडेना. आणि लगेच काय म्हणाला ऐक. म्हणाला, ठीक आहे, पण तिला असं सांगू की मामानेच आपणहून भेट दिला. शी, शी, शी! अजून अत्तर लावायचंच आहे त्याला.

मी नाही म्हटलं. त्याला सांगितलं, भेट नाही, फीत नाही. डबा बसला की गाडी तू स्वतः चालवत वर घेऊन जायची, त्या चिखलाच्या वळणावरून, आणि जे केलंस ते तुझ्या तोंडाने तिला सांगायचं. ठमे, त्यानंतर त्याला घरात घ्यायचं की शेडच्या बाहेरूनच परत पाठवायचं, ते तू ठरव. मी त्याची आई आहे, मला ते ठरवता येणार नाही. मी माझ्यापुरतं एवढंच केलं की रोज कारखान्यात त्याला भात पाठवते तो दोन दिवस पाठवला नाही, आणि पाठवला नाही म्हणून मलाही घास गेला नाही.

तुझ्या पहिल्या मालाला गाडी हजर असेल, गार असेल, आणि पुढची चाकं ओढतील. अळंब्या दाखवायला मला वर ने. मी त्यांना हात लावणार नाही, धुणार तर मुळीच नाही.

लोभ माझ्याकडून आहेच. तुझ्याकडून आला तर मला आत्ता जरा जास्तच लागेल.

तुझी,
आजी

ता. क. मिस्त्री आणि थंडोबा परत येतो म्हणाले आहेत ते गुरुवारी. मामाने डबा काढायला शुक्रवारी त्याची गाडी आणून देतो म्हटलं होतं, मग शनिवारी म्हटलं, मग बघतो म्हटलं. मी फाटकाशी उभी राहिले ती त्याने गुरुवार म्हणेपर्यंत हलले नाही. तेव्हा तोही गुरुवारी.