बाण फोटोबाहेर जातो

१२ जानेवारी, सोमवार

आज वर्गात बोलायला बंदी! व्हिज्युअल कम्युनिकेशनचा तास, आणि विजयकुमार सर म्हणतात तोंड बंद, डोळे चालू. चौघाचौघांचे गट पाडले. माझ्या गटात गीतांजली, निखिल आणि पीयूष. पीयूष कुम्हारीहून बसने येतो, पहिला तास त्याची झोपच जात नाही.

उद्या घरून एक फोटो न्यायचा. त्यात कोण कोणाचं, काय प्रसंग, काही सांगायचं नाही. बाकीच्यांनी लाल पेनने बाण काढायचे, कोण कुठे बघतंय त्याचे. मग नुसत्या बाणांवरून फोटो वाचायचा. "एडिट किया हुआ नहीं चलेगा," सर म्हणाले. माझ्याकडे बघूनच म्हणाले असं वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

शिल्पाताईच्या साक्षगंधाचा नेते. मीच काढलाय. पण मूळचा. घरात सगळ्यांनी पाहिलाय तो नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

नवऱ्यामुलाचा बाण ताईकडे. त्याच्या आईचा ताटातल्या साडीकडे. आमच्या आईचा त्याच्या आईकडे — साडी पसंत पडली की नाही ते बघत. इथवर सगळे हसले. मीही हसले.

ताईचा बाण गीतांजलीने काढला तो फोटोच्या बाहेर, टेबलावरच आला.

"कैमरे को देख रही है," निखिल म्हणाला.

"कैमरे को नहीं, कैमरे के उधर जो है उसको. इसको कुछ बोलना है," गीतांजली म्हणाली.

पीयूषने ताईच्या मुठीवर बोट ठेवलं. पदर आवळून धरलेली मूठ. "डर रही है यार."

मी म्हणाले, साड़ी नई होगी, फिसल रही होगी. सर मागे येऊन उभे होते. फोटो किसने लिया? मी म्हणाले, फोटोग्राफर ने. सरळ खोटं. ही माझी सख्खी बहीण, एवढंही मी सांगितलं नाही. नियमच होता म्हणा न सांगायचा. बरा सापडला नियम!

गटाने खाली ओळ लिहिली — लड़की को यहाँ से निकलना है.

तीन परक्या पोरांना दहा मिनिटांत दिसलं. मला तर डिसेंबरातच दिसलं होतं. साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर ताईचा चेहरा मोठा करून पाहिला आणि मनात काय आलं? — अरेरे, फोटो वाया गेला. मावशीच्या वास्तुपूजेच्या फोटोतून ताईचं हसू उचललं आणि इथे बसवलं. कडा अशा सफाईने जुळवल्या की आई म्हणाली, "कशी गोड दिसून राहिली माही पोरगी." सासरच्यांनी तोच मागून घेतला. पत्रिकेवर छापायलाही तोच गेलाय.

मला फोटोची काळजी वाटली, बहिणीची नाही. लिहितानाही लाज वाटते.

१४ जानेवारी

संक्रांत. ताईने तिळगूळ हातावर ठेवला. माझी मान वर झाली नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आज आईला सांगणारच होते. ती पाहुण्यांच्या झोपण्याची सोय लावत होती — दोन खोल्या शेजारच्या भैय्याजी काकांच्या क्वार्टरमध्ये, एक कलावती काकूंकडे, मांडव समोरच्या मैदानात. मी म्हटलं, आई, एवढी घाई कशाला? फेब्रुवारीतच कशाला?

"मार्चमध्ये तुये बाबा रिटायर होऊन राहिले. मंग क्वार्टर सोडा लागते. भाड्याच्या घरातून पोरीचं लग्न करायचं काय? तिथं कोण खोल्या देईन आपल्याले?"

आमच्या प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर २ मध्ये, हे सगळ्यांचंच. बापाची नोकरी आहे तोवर गल्ली आपली, म्हणून रिटायरमेंटच्या वर्षी दारोदार मांडव. पोरीचं वय कोणी बघत नाही, बापाचं बघतात. मला यात आजवर काही वावगं वाटलं नव्हतं.

आईने विचारलं, काही म्हणून राहिली होती का तू? मी म्हटलं, वरणात मीठ कमी आहे. वाहवा रेणूबाई.

१९ जानेवारी

आजचा खेळ वेगळा. शब्द न लिहिता चित्रातून निरोप काढायचा, शेजाऱ्याला द्यायचा, त्याने चित्रातूनच उत्तर काढायचं. तास संपला तरी गीतांजलीचं चित्र माझ्यासमोर तसंच पडलेलं. ती हिरमुसली. "तूने तो जवाब ही नहीं दिया." मी सॉरी म्हटलं. जिला म्हणायला हवं होतं ती घरी पत्रिकांसाठी नावांची यादी काढत बसली होती.

२१ जानेवारी, बुधवार

विचारलं एकदाचं! ताई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. बादली मी धरली. म्हटलं, साक्षगंधाच्या फोटोत तू अशी काहून पाहून राहिली होती?

ती चादर झटकत राहिली.

"आता विचारून राहिली तू?"

मग हळूच म्हणाली, "मले वाटलं होतं, फोटो पाहून कोणी तं विचारीन. अन् तू तं मले हसवूनच आणलं. सगळ्यायले दाखवलं. म्हटलं चला, घरात सगळ्यायले हेच पाह्यजे."

माझ्या हातून बादली खाली ठेवली गेली. मी रडले. ती नाही रडली.

मुलगा वाईट नाही, ती म्हणाली. पण तिला लग्नच नको आहे आत्ता. बी.एड. पूर्ण करायचं आहे, शाळेत लागायचं आहे. मी म्हटलं, मग सांग ना बाबांना. ती म्हणाली, "मार्चच्या पह्यले? पस्तीस वर्षं क्रेन चालवली त्यायनं. आता शेवटी मी त्यायले गल्लीत खाली पाहाले लावू?"

मी म्हटलं, मी सांगते. उद्याच. हसू मी चिकटवलं, मीच काढते.

२२ जानेवारी

नाही सांगितलं. पत्रिका छापून आल्या. बाबांनी पहिली देवापुढे ठेवली. मी बघत राहिले.

२३ जानेवारी, शुक्रवार

बाबा सेकंड शिफ्टला निघायच्या आधी डबा भरत होते. मी लाल बाणांचा फोटो त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, बाबा, पत्रिकेवरचं हसू खोटं आहे. मी लावलं. ती अशी होती, माझ्याकडे बघत होती आणि मी गप्प बसले.

त्यांनी चष्मा लावला नाही. फोटोकडे पाहिलंही नाही. "मले मालूम आहे," म्हणाले.

साक्षगंधाच्या दिवशी खोलीत उजेड कमी होता. हॅलोजन बाबांनीच धरला होता, अगदी माझ्या खांद्याला लागून. मला ते आठवलंच नव्हतं.

"तुयाकडं नाही, रेणू. पोरगी मायाकडं पाहून राहिली होती."

डबा तसाच उघडा ठेवून त्यांनी ताईला हाक मारली.