योगिनीसाठी उलटी गिटार

मी, भागवत इंद्रभान गावंडे, वय चोपन्न, धंदा शेती, राहणार कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. सांगतो मी, लिहितात आमचे शेजारी, निवृत्त ग्रामसेवक जगदेव भोयर, कारण माझ्या हातांना आता पेन धरवत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की हा मज्जातंतूंचा आजार आहे, त्याला औषध नाही. आधी हात जातील, मग पाय, मग बोलणे, शेवटी श्वास. डोके मात्र शाबूत राहील. हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितले असावे. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. बोलणे चालू आहे तोवर सांगून घेतो.

१. राहते घर आणि माझ्या हिश्श्याचे शेत माझ्या पश्चात पत्नी वैजयंती हिचे, आणि तिच्यानंतर आमची एकुलती मुलगी योगिनी हिचे. वैजयंती मला जेवू घालते, कपडे चढवते, नाकावरची माशीसुद्धा तीच हाकलते. तिला या घरातून कोणी ऊठ म्हणू नये.

२. धाकटा भाऊ शेषराव याला माझ्या मिळकतीतून काही देऊ नये. कारणही लिहून ठेवतो. योगिनी अमरावतीला कॉलेजात असताना वसतिगृहातल्या मैत्रिणीकडून गिटार शिकली. सुट्टीत आली की ओसरीत बसून वाजवायची. अशाच एका सुट्टीत सोयाबीन काढताना शेषरावच्या थ्रेशरमध्ये तिचा डावा हात गेला. चारही बोटे गेली, अंगठा तेवढा राहिला. पट्ट्यावरचे पत्र्याचे झाकण साफ करायला काढले होते, ते त्याने परत बसवले नव्हते. चूक कोणाकडूनही होते, तेवढ्यावर मी सोडून दिले असते. पण दवाखान्यात, पोरगी शुद्धीवर येऊन ऐकत असताना, तो पाहुण्यांना म्हणाला, "तिचंच ध्यान नव्हतं. मोबाइल पाहून राह्यली होती." तिचा मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला होता. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

३. गिटारीबद्दल. योगिनी आता कारंजाला एका पतसंस्थेत नोकरी करते. दोन वर्षांमागे उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "बाबा, उजव्या हातानं तारा दाबता येतात मले. डाव्या तळव्याले पट्टा बांधून त्याच्यात पत्ती अडकवली, तर छेडताही येतीन. फक्त गिटार उलटी पाह्यजे."

अमरावतीच्या दुकानदाराने डावखुरी गिटार मागवून दाखवली. पण योगिनीचा डावा हात मनगटात वळत नाही, त्यामुळे गिटारीची कड तिच्या कोपराखाली रुतू लागली. तिच्या हाताला बसेल असे गिटारीचे अंग विकत कुठे मिळणार? मी म्हणालो, मी करतो.

मी सुतार नाही. घरची दारे केली आहेत, वखराला दांड्या बसवल्या आहेत, एवढेच. विजेच्या गिटारीचे अंग पोकळ नसते, भरीव लाकडाचे असते आणि आवाज तारांखालच्या चुंबकांतून निघतो, हे मी मोबाइलवर पाहून शिकलो. बांधावरचे शिवणीचे झाड वादळात पडले होते, त्याच्या फळ्या माळ्यावर सुकून तयार होत्या. दोन फळ्या चिकटवून शिकंज्यात आवळल्या. पुठ्ठ्याचा आकार योगिनीच्या मांडीवर ठेवला, तिचा हात टेकतो तिथे पेन्सिल फिरवली आणि लाकडाचा तेवढा भाग कानशीने उतरवत गेलो. रविवारी ती यायची, अंग मांडीवर घ्यायची आणि डोळे मिटून हात टेकवायची.

"अजून जरासं, बाबा."

मी आणखी उतरवायचो. एका रविवारी ती काहीच बोलली नाही, हात तसाच ठेवून बसून राहिली. तेव्हा मला कळले, बसला. वैजयंतीने चहा आणला तो तिथेच निवला.

त्यानंतर माझ्या हातातून पटाशी पडू लागली. मला वाटले थकवा असेल. चुंबकांचे खड्डे कसेबसे कोरले. तारा जिच्यावर दाबतात ती दांडी बसवायची खाच तेवढी राहिली, आणि तीच सगळ्यात नाजूक, कारण दांडी हलली तर सूर टिकत नाही. कारंजाच्या सुताराने दारे-खिडक्यांशिवाय काम घेत नाही म्हणून सांगितले. अंग माझ्या खाटेसमोर टेबलावर आहे. दिवसभर मी त्याच्याकडे पाहतो. हात उचल म्हणतो, उचलत नाही.

हे अपुरे अंग, मागवलेली दांडी, चुंबक, खुंट्या, तारा आणि माझी सगळी हत्यारे योगिनीची. गिटार पुरी करण्याचे बंधन तिच्यावर नाही.

४. वरचा मजकूर झाल्यावर मध्ये एक गोष्ट घडली, ती सांगणे भाग आहे. शेषराव दारात येऊन उभा राहिला.

"दादा, मले माहीत पडलं खाच राह्यली म्हणून. मी करतो. तू फक्त सांगत जा."

"तुले नाही जमत."

"मंग कोन करन?"

मी टेबलाकडे मान केली. त्याने माझे लाकूड कोरायचे राउटर मशीन हातात घेतले. मी सांगत होतो, हळू चालव, रेघेच्या आत राह्य. पण माझा आवाज आता खाटेपलीकडे जात नाही, आणि मशीनचा आवाज मोठा. ते रेघेबाहेर सरकताना मला दिसत होते. बटण भिंतीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर होते. वैजयंती मागच्या अंगणात होती. मी नुसता पाहत राहिलो.

दांडी खाचेत ठेवली तर डुलू लागली. शेषराव खाली भुशातच बसला आणि रडला. "मी हात लावला का तिचंच नुकसान होते, दादा."

मशीन थांबल्यावर वैजयंती आत आली. तिने काही न विचारता त्याला पाणी दिले.

योगिनीला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "बाजूनं लाकडाची पातळ चीप भरू, बाबा. लोक भरतात तशी." भरतात, हे खरे. पण पुढे सूर कसा राहील ते मला सांगता येत नाही.

म्हणून लिहून ठेवतो की थ्रेशरबद्दल वर जे सांगितले ते खोडू नये, ते खरे आहे. खाच बिघडली म्हणून मात्र शेषरावला कोणी बोल लावू नये. त्याचे घरात येणे-जाणे असू द्यावे.

५. श्वास थांबू लागला तर नळ्या घालून मला ठेवू नये. हा निर्णय माझा आहे. वैजयंतीवर तो एकटीने घेण्याची पाळी येऊ नये.

६. गिटारीला तारा लागतील तेव्हा मी असलो, तरी बहुधा माझे बोलणे गेलेले असेल, मानही हलत नसेल. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत राहते. तेव्हा योगिनीने माझ्याजवळ बसून वाजवावे. माझा चेहरा हलला नाही, तर बाबांना आवडले नाही असे तिने समजू नये. मला आवडले आहे. ते मी आजच सांगून ठेवतो.

हा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही करता येत नाही, म्हणून साक्षीदार दौलतसिंग यांनी माझा हात धरून अंगठा टेकवला आहे.

भागवत इंद्रभान गावंडे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. दौलतसिंग राठोड, राहणार कामरगाव (सही)
२. भागिरथा इंगोले, राहणार कामरगाव (सही)

लिहिणार: जगदेव भोयर (सही)

कामरगाव, ११ जानेवारी २०२५