उशाखालची पट्टी

३ मार्च
सगळं बदललं ते आज, डॉक्टरांनी विचारलं त्या क्षणी — "घरी स्टेरॉइड दिलंत का कुणी?"

आईच्या कवटीला भोक पाडून, सुईने मेंदूतल्या गाठीचा तुकडा काढला. आणि त्यात काही सापडलंच नाही! डॉक्टरांना लिम्फोमाचा संशय. तो कॅन्सर स्टेरॉइडने विरघळतो, पण तात्पुरता. मग तुकड्यात दिसत नाही, आणि दिसल्याशिवाय खरे उपचार सुरू होत नाहीत. म्हणून तर आधीच बजावलं होतं — तुकडा काढेपर्यंत गोळी नको!

मी टेबलावर हात आपटला. "कॉलेज सोडून घरी बसलोय ते काय झोपा काढायला?"

डॉक्टरांनी नवा स्कॅन पुढे केला. "मग गाठ निम्मी झाली कशी?"

४ मार्च
आई खूश. डोकं दुखत नाही, एकाचे दोन दिसत नाहीत. "बघ, काही निघालं नाही. उगाच भोक पाडून घेतलं."

५ मार्च
अभ्रा बदलताना उशीखालून स्टेरॉइडच्या गोळ्यांची पट्टी पडली.

"ओरडू नकोस. मीच मागवल्या."

कुणाकडून? — खालच्या मेडिकलमधल्या तिच्याकडून! जिच्यासाठी मी खोकला नसताना खोकल्याच्या गोळ्या चघळतो, तिच्याकडून!

तडक खाली गेलो. ती म्हणाली, "काकूंचं विव्हळणं दुकानात ऐकू यायचं रे."

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाला असतास."

दोघींचं जमावं म्हणून मीच देव पाण्यात घालून बसलो होतो. जमलं! माझ्याच पाठीमागे!

६ मार्च
डॉक्टरांना सांगितलं. गोळ्या बंद. गाठ वाढली की पुन्हा सुई. म्हणजे आता वाढायची वाट बघायची!

तिच्याशी बोलणार नाही. कधीच.

११ मार्च
दुकानासमोरून मान वळवून गेलो. खांबावर आपटलो.

१९ मार्च
जिन्यात बसून लिहितोय. गाठ वाढली, उद्या सुई. आई भिंतीला डोकं टेकून — "एकच दे रे राजा. एकाने काय होतंय?" पट्टी माझ्याच खिशात. फेकली का नव्हती, कुणास ठाऊक. अंगठा गोळीवर, चंदेरी कागद फाटलेला.

तेवढ्यात बेल. ती. माझ्या हाताकडे बघितलं. आत जाऊन आईचं डोकं मांडीवर घेतलं.

आत थांबलो असतो तर दिली असती मी.

पट्टी घेऊन बाहेर आलो. दार ओढून घेतलं.