इस्त्रीवालीचा डबा

तीर्थरूप आईला, लांबूनच पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? बाबा औषध घेतात ना?

कारखान्यात शिवणखात्यातल्या आम्ही सगळ्या डबे मधे ठेवून जेवतो. पण इस्त्रीवालीचा नवरा तुरुंगात गेल्यापासून तिच्या डब्याला कुणी हात लावेना. परवा मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "ताई, भाजी वाढा."

ती म्हणाली, "अगं, तुलाही वाळीत टाकतील."

तसंच झालं. मन खट्टू होतं, पण जागा बदलणार नाही.

काल काजं-बटणं करणारी मावशी डबा घेऊन आमच्यात येऊन बसली. उद्यासाठी मी भाजी जरा जास्तच चिरून ठेवली आहे.

तुझी हट्टी,
धाकटी