पेटी आणि आवाज : लीना क्षेमकल्याणी

मी, सौ. लीना प्रभाकर क्षेमकल्याणी, वय ५६, मूळची नाशिकची, सध्या राहणार खैतान, कुवेत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. नादुरुस्त झडप आहे, डोके नव्हे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

१. नाशिकचा माझ्या नावावरचा फ्लॅट मुलगा मयूर व मुलगी जुईली यांना निम्मा निम्मा. भांडू नये. भांडायचेच असेल तर मराठीत भांडावे, तेवढाच सराव.

२. पाटल्या, मोहनमाळ आणि पेटी जुईलीला. पेटीची एक पट्टी चिकटते, ती दुरुस्त करून घ्यावी.

३. पुढे सांगितलेल्या रेकॉर्डच्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. एक जुईलीला, जी "आई, इट्स सो वियर्ड" म्हणते आणि तीच गाणी गाडीत लावते. दुसरी इथल्या मराठी मंडळातल्या त्या बाईंना, ज्यांनी हळदीकुंकवाला सर्वांदेखत विचारले, "हे गाणं आहे की दातदुखी?" नाव लिहीत नाही, त्यांना कळेल.

४. आता मुख्य. मोइरा ही स्कॉटलंडची बाई आमच्या वरच्या मजल्यावर राहायची, शाळेत संगीत शिकवायची आणि स्वतःची गाणी रचायची. २००९ साली तिने आपला अल्बम आमच्या बाथरूममध्ये रेकॉर्ड केला, कारण तिथे आवाज घुमतो. एक गाणे फ्रिजवर, एक हरवलेल्या मोज्यावर, एक न आलेल्या बोटीवर. मी उलट्या बादलीवर बसून आठही गाण्यांना पेटी वाजवली. पाचव्यात मी ओरडले, "मोइरा, दार लाव, कुकरची शिट्टी आत येतेय!" तिने ते शिट्टीसकट ठेवले आणि त्याचेच धृपद केले. इतकी मजा मला आयुष्यात दुसऱ्या कशात आली नाही, लग्न धरून.

माझे पती प्रभाकर मात्र घाबरले. "अगं, फॅमिली व्हिसावर बायको काम करते असं कुणी म्हटलं तर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवानाच जाईल. पोरांच्या शाळेचं काय?" असे म्हणून त्यांनी मोइराला पत्र लिहिले, की लीनाचे नाव कुठेही छापू नये. भीती खरी होती. पण मला विचारले नाही, याचा राग आहे. कव्हरवर छापले गेले, "पेटी : एक शेजारीण". सोळा वर्षे मी शेजारीण आहे.

आता तो अल्बम पुन्हा निघतो आहे. रेकॉर्ड कंपनीचे म्हणणे, जुने पत्र ज्यांनी लिहिले त्यांनीच मागे घ्यावे. प्रभाकर म्हणतात, "बघू, रिटायर झाल्यावर." सबब, माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांत त्यांनी ते पत्र मागे घेऊन माझे पूर्ण नाव छापवून घ्यावे. तोवर नाशिकच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकू नये.

५. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक प्रभाकरच. त्यांच्याइतका विश्वासाचा माणूस मला दुसरा नाही. म्हणून तर राग इतका टिकला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि दोघा साक्षीदारांदेखत सही केली.

खैतान, कुवेत
१४ नोव्हेंबर २०२५
सही : लीना प्रभाकर क्षेमकल्याणी

साक्षीदार :
१. अशरफ मुकादम, शेजारी, मूळ रत्नागिरी
२. शर्वरी पेठकर, मैत्रीण

व्यवस्थापकाचा शेरा : वाचले. कलम ४ रद्द समजावे. पत्र आजच मागे घेतले आहे. नवे कव्हर छापण्याआधी तपासायला पाठवणार आहेत, पुढच्या महिन्यात. ते तूच तपासायचे आहेस. — प्रभाकर