अकरा मिनिटं

शुक्रवार, ९ मे
उद्या बुद्धिबळाच्या निवड स्पर्धेची शेवटची फेरी. जिंकले तर चौघांच्या संघात, हरले तर घरी. बाबांनी कारखान्यातून तीन दिवस रजा काढलीय. "तू फक्त खेळ, दडपण घेऊ नकोस," हे सकाळपासून सात वेळा सांगून झालं. मग कसलं दडपण येतंय!

शनिवार, १० मे
समोर कोण? नऊ वर्षांची, दोन वेण्या, खुर्चीवर दोन उशा. मी चौदाची. म्हटलं, देव पावला.

पंधराव्या चालीला माझा उंट गेला, विसाव्यापर्यंत अक्कल. बाबांचं नाक दाराच्या काचेला चिकटलेलं. मग तिने हत्ती असा काही आणून ठेवला की माझा डाव आटोपल्यात जमा. स्वतःवरच खूश होऊन तिने चाल कागदावर लिहिली — आणि घड्याळ दाबायला विसरली. म्हणजे वेळ तिचाच चालू. अकरा मिनिटं उरलेली.

समोरच्याला सांगायचं बंधन नाही, असा नियम आहे. आणि मी पडले नियमाची पक्की! डोकं दोन्ही हातांत धरून विचारात बुडाल्याचं सोंग घेतलं. नजर मधूनमधून घड्याळावर, बाकी वेळ तिच्या बुटाच्या सुटलेल्या नाडीवर. ती बिचारी माझ्या चालीची वाट बघत शहाण्यासारखी गप्प.

शून्य झालं. मी पंचांना बोलावलं. "हिचा वेळ संपला, डाव तुझा," ते म्हणाले. तिने घड्याळ पाहिलं, मला हात दिला, उशा उचलल्या आणि गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

बाबा बाहेर सगळ्यांना सांगत होते, "अकरा मिनिटं विचार केला पोरीने. याला म्हणतात जिद्द!"

रविवार, ११ मे
चषक टीव्हीशेजारी. आत्या बघून गेली. बाबांच्या तोंडी अकराची वीस मिनिटं झालीत. मी दुरुस्त केलं नाही.

मंगळवार, १३ मे
नियम पुन्हा वाचला. बंधन नाहीच.

रविवार, २५ मे
सराव स्पर्धा. पहिल्याच फेरीत समोर त्याच दोन वेण्या. चाल केली, लिहिली, बसले. तिने घड्याळाकडे बोट दाखवलं. "ताई, दाबायचं राहिलं."
मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुझंपण लक्ष नव्हतं ना?"
मी हो म्हणाले.