चुड्याखालची खाज

तांडा, घाटंजीपासून तीन कोस
ता. ९ नोव्हेंबर १९६१

वडीलधारे रामधनभाऊ यांच्या पायाशी तुमच्या बहिणीचा नवरा पूनमसिंग (अजून जिवंत, हे काहून लिहिलं ते पुढं समजन) याचा हात जोडून राम राम. इकडं सगळे खुशाल आहेत. म्हणजे बैल खुशाल, पोरगी जमनी खुशाल, कापूसही बरा फुटला. बाकी उरलो आम्ही दोघं, त्याचं खाली लिहितोच. वहिनीचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? व्याली असन तर चिकाचा खर्वस आमच्या नावानं तुम्हीच खाऊन घ्या.

तुमचं कार्ड पोचलं. पायाच्या बोटात चिखल्या होऊन दोन महिने झाले, चामडीच्या खाजगी डॉक्टरले दाखवावं म्हणता, अन् मी तुमच्या बहिणीले, मोतीबाईले, घेऊन यवतमाळले जाऊन आलो हे समजलं म्हणून जायच्या आधी माणसाले काय काय माहीत पाहिजे ते विचारता. भाऊ, मले जेवढं समजलं तेवढं लिहितो. जे नाही समजलं तेही लिहितो, तेच जास्त आहे.

झालं असं, का पोळ्यापासून मोतीबाईच्या डाव्या हाताले चुड्याखाली खाज सुटली. मनगटापासून कोपरापर्यंत हाडाच्या बांगड्या, आपल्या बलिया, एकाले एक लागून, त्यात बोट जात नाही तर खाजवावं कसं? ती काडी घालून खाजवे. एक दिवस विहिरीवर पाणी शेंदताना चुडा जरा वर सरकला अन् तांड्याच्या नायकाच्या सुनेले आतला लाल चट्टा दिसला. झालं! संध्याकाळपर्यंत तांडाभर महारोग. दुसऱ्या दिवशी मोतीबाई विहिरीवर गेली तर साऱ्या बायाइनं आपापल्या पाण्याच्या गुंड्या उचलल्या अन् दूर झाल्या. ही गोष्ट तिकडं नेरले भावसिंगच्या कानावर गेली. (त्याच्या पोराशी आपल्या जमनीचं ठरलं आहे, तुमाले माहीतच आहे.) त्यानं निरोप धाडला, का महारोग नाही असा डॉक्टरचा कागद आणा, मंगच सगाई. पौर्णिमेची सगाई, भाऊ! पोरीच्या ताटातली भाकर तशीच राहू लागली.

तर पयली गोष्ट, जायच्या आधी अंगाले काही लावू नका. आम्ही लावलं. तांड्यातल्या हरेकाचा इलाज वेगळा. कोणी म्हणे कडुनिंब, कोणी म्हणे चुलीतली राख, मी स्वतः गाडीचं वंगण लावून दिलं (बैलगाडीच्या आसाले लागू पडते, माणसाले काहून पडणार नाही?). वर एवढ्या मोठ्या डॉक्टरपुढं घाणेरडा हात कसा न्यावा म्हणून मोतीबाईनं निघायच्या आधी दिसला तेवढा चट्टा विटकरीच्या तुकड्यानं घासून काढला. डॉक्टरनं भिंग लावून पाह्यलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाह्यलं. म्हणे, यातला रोग कोणता अन् इलाज कोणता, ते तुम्हीच सांगा. आता हे आम्ही सांगायचं तर एवढ्या लांब कायले गेलतो? पण मोठ्या माणसाले उलट कोण बोलन!

मंग सवाल सुरू झाले. केव्हापासून खाजते, रात्री जास्त का दिवसा, कोणता साबण, घाम किती, आधी कोणतं मलम लावलं. भाऊ, खानेसुमारीवाल्यानंही एवढं विचारलं नव्हतं. मले वाटलं का खरं सांगितलं तर हसन, म्हणून वंगणाचं नाव घेतलं नाही. तर त्यानं हात नाकाशी नेला अन् वंगण म्हणून आपणच सांगितलं. तेव्हा तुम्ही जे लावलं असन ते पयलेच कबूल करा, नाही तर अब्रू जाते अन् वंगणही दिसते.

आता पुढची ऐका. डॉक्टर सहज म्हणाला, का बाई, चुडा उतरवा. रामधनभाऊ, मोतीबाई ताडकन उठली, डोईवरची फडकी तोंडावर ओढली अन् माझा हात धरून दरवाज्याकडं निघाली! डॉक्टरले काही समजेना. तो मले विचारे, काय झालं? मी म्हटलं, साहेब, मी जिवंत आहे. तो म्हणे, ते दिसून राह्यलं, पण तुमाले कोण तपासून राह्यलं? मी म्हटलं, तसं नाही साहेब, आमच्यात चुडा नवरा मेल्यावर उतरते. तर तो माझ्याकडं पाहे, मी त्याच्याकडं, अन् मोतीबाई दोघांकडं पाठ करून उभी. कंपाउंडर बिचारा भला माणूस होता. त्यानं साबणाचं पाणी आणलं, ढकलून ढकलून बलिया कोपराकडं चढवल्या तेव्हा चार बोटं जागा झाली. म्हणून सांगतो, काय उतरवायचं अन् काय नाही ते घरीच ठरवून जा. तुमच्या पायात वाळेबिळे नाहीत, तुमाले सोपं आहे.

मंग डॉक्टर म्हणे, डोळे मिटा. परक्या माणसापुढं डोळे कोण मिटन? नाही मिटले. तिची फडकी आडवी धरून त्यानं चट्ट्यावर टाचणी टोचली. बापा रे! तुमच्या बहिणीनं आपल्या बोलीत त्याच्या सात पिढ्या काढल्या. पण डॉक्टर खूश! पुन्हा टोचली. तिनं उरलेल्या पिढ्या काढल्या. तो आणखीच खूश, हसतच सुटला. मले वाटलं, याले गोरबोली समजत नाही म्हणून बरं. मंग त्यानं समजावून सांगितलं, का महारोगाच्या चट्ट्याले बहुतेक वेळा टोचलेलं समजत नाही, अन् हिले तर भलतंच समजून राह्यलं. तो म्हणे, अन् असता तरी त्याले औषध असते, माणसाले विहिरीवरून हाकलत नसतात. तिथं मोतीबाई रडली, भाऊ. टोचल्यावर नाही रडली, तेव्हा रडली.

पुढं त्यानं चट्ट्यावरची साल खरवडून काचेवर घेतली अन् दुर्बिणीत पाह्यली. गजकर्ण आहे म्हणे, चुड्याखाली ओल राहून वाढलं. तिकडं मोतीबाई हटून बसली, का माझी साल मले परत द्या, कोणाच्या हाती लागली तर करणी होईन. डॉक्टरनं पुडीत बांधून देली. आमच्याच चुलीत जाळली. एवढं झाल्यावर मी म्हटलं, आता सुई द्या. तर म्हणे, सुई नाही, मलम. मले अजून समजलं नाही का ज्या डॉक्टरनं सुई देली नाही त्यानं इलाज केला का नाही केला.

कागद देला त्यानं. इंग्रजीत. नायकानं तो आडवा धरला, उभा धरला अन् सांगितलं, का कागद खरा असन पण हात चांगला दिसला पाहिजे. भावसिंगचंही तेच. म्हणजे मलम लावलंच पाहिजे, त्यासाठी चुडा उतरवलाच पाहिजे, अन् मी तर जिवंत! आगीतून फुफाट्यात. शेवटी मोतीबाईनंच वाट काढली, का तुम्ही डोळ्याआड व्हा, तुमच्या समोर माझा बोडका हात नको, मी दार लावून पौर्णिमेपर्यंत मलम लावते, सगाईच्या आदल्या दिवशी चुडा भरते, मंग या. तिनं हे सांगताना माझ्याकडं पाह्यलं नाही, अन् मीही तिच्याकडं पाहू शकलो नाही.

बाकी ठीक. चिखल्याले वंगण लावू नका. वहिनीले राम राम, लेकराले आशीर्वाद.

तुमचा,
पूनमसिंग

ता. क. वरून तुमाले समजलंच असन का मले पौर्णिमेपर्यंत राहाले जागा पाहिजे. साळ्याच्या घरी एवढे दिवस राहणं शोभत नाही, पण तुमच्या कापूस वेचणीले हात लावीन. मी उद्याच्या मोटारीनंच निघतो.

ता. क. दुसरा. माझी गोधडी मी घेऊन येतो. अंथरूण पार ओसरीच्या टोकाले टाका अन् माझा टॉवेल कोणाले वापरू देऊ नका.

ता. क. तिसरा. डॉक्टरनं शेवटी एक सवाल केलता, का घरात आणखी कोणाले खाज आहे का? मी लगेच नाही म्हटलं. रामधनभाऊ, माझ्या कमरेले धोतराच्या गाठीखाली आखाडापासून तसाच चट्टा आहे. तिच्या आधीपासून. एकच गोधडी, माझ्यापासूनच तिले लागलं. लाजेनं बोललो नाही, अन् मंग बोलायची वेळ निघून गेली. चोर सोडून संन्याशाले फाशी झाली, भाऊ. मले तोंड उघडून सांगता येत नाही, मी भेकड आहे. मोतीबाईले वाचता येत नाही. म्हणून मी तुमच्याकडं पोचलो का तुम्ही हे पत्र घेऊन इकडं या अन् तिले सगळं वाचून दाखवा. घरात नाही, विहिरीवर, साऱ्या बाया पाण्याले आल्या असतीन तेव्हा. हा तिसरा ता. क. मोठ्यानं वाचा.